आत्याने कानात सांगितलेलं नाव

बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करते आणि नाव सांगते. ज्ञानदा. त्या खोलीत ते 'द्न्यानदा'च असतं, कुणाला शंकाही येत नाही. हीच मुलगी पुढे नोकरीसाठी लखनौला गेली की 'ग्यानदा' होते. अक्षर तेच, ज्ञ. संस्कृतात ते ज् आणि ञ यांचं जोडाक्षर. म्हणजे मुळाबरहुकूम आपलाही उच्चार नाही, हे आपण सोयीस्कर विसरतो!

ऋता नावाच्या मुलीची गोष्ट जरा बोचरी आहे. मराठीत ऋ 'रु'कडे झुकतो, हिंदीत 'रि'कडे. ऋत म्हणजे सत्य. पण दिल्लीत कुणी तिला 'रिता' अशी हाक मारली, की मराठी कानाला ऐकू येतं ते रिकामं.

जुईचं तर आणखी वेगळं. तिच्यातला ज 'जग'मधला, 'जय'मधला नव्हे. देवनागरीत दोन्ही उच्चारांना एकच अक्षर, खूण काहीच नाही. त्यामुळे अमराठी शिक्षिका हजेरी घेताना चुकली, तर दोष तिचा कसा?

आज कुणाचं नाव पहिल्यांदाच कागदावर वाचलंत, तर हाक मारण्याआधी एवढंच विचारा: तुमच्या घरी कसं म्हणतात?