भाकर माझी की आमची?

आजचं वाचन : निर्गम १६:१३–३१, लूक १३:१–५, २ करिंथ ८:१३–१५



आजचं मनन मी बरेच दिवस टाळत होतो, कारण त्यात माझी एक चूक सांगावी लागते. पण या आठवड्याच्या वाचनात मान्नाचा अध्याय पुन्हा समोर आला, तेव्हा म्हटलं, आता लिहूनच टाकू.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या कंपनीत नोकरकपात झाली. आयटीत असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. मंगळवारी सकाळी लोकांच्या कॅलेंडरवर पंधरा मिनिटांच्या मिटिंगचे इन्व्हाइट यायला लागले. विषयाच्या जागी काहीच लिहिलेलं नाही, फक्त एचआरचं नाव. आमच्या अकरा जणांच्या टीममधल्या चौघांना ते आले. मी दिवसभर स्क्रीनसमोर बसून मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होतो, "प्रभू, माझं नाव नको." संध्याकाळी सहा वाजले, माझं कॅलेंडर रिकामंच राहिलं. हिंजवडीहून घरी येताना ट्रॅफिकमध्ये गाडीत मी रडलो.

त्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी साक्षीसाठी वेळ दिला. मी उभा राहिलो. चार जण गेले पण देवबापानं मला राखलं, विश्वास ठेवणाऱ्याला तो कधीच सोडत नाही, असं बोललो. मंडळीनं 'आमेन' म्हटलं, 'हालेलुया' म्हटलं. मी भरल्या डोळ्यांनी खाली बसलो.

तिसऱ्या बाकावर आमच्या युवक संघातला एक दादा बसला होता. त्याची नोकरी तीन आठवड्यांपूर्वीच गेली होती. दुसरी कंपनी, तीच पंधरा मिनिटं. वहिनींना सातवा महिना होता. मला हे सगळं माहीत होतं आणि साक्ष देताना मी ते साफ विसरलो होतो.

उपासनेनंतर चहाच्या वेळी तो माझ्याकडे आला. हात हातात घेतला आणि म्हणाला, "बरं झालं रे तुझं. खरंच आनंद झाला." मग क्षणभर थांबून हळूच म्हणाला, "मीपण तीच प्रार्थना केली होती."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी नेमकी कशाची साक्ष दिली होती?

त्या रात्री झोप लागली नाही. माझं वाक्य खरं असेल, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्याची नोकरी देव वाचवतो, तर मग दादाबद्दल मी काय म्हणत होतो? त्याचा विश्वास कमी पडला? त्याच्या उपवासात खोट होती? असं मी तोंडानं कधीच म्हणालो नसतो. पण माझ्या साक्षीतून तिसऱ्या बाकावर तेच पोहोचलं होतं. आभार मानता मानता मी एका भावावर आरोप ठेवून बसलो होतो.

आणि माझ्या टीममधले ते चौघं? त्यातली एक मुलगी रोज लंचमध्ये कानात इअरफोन घालून विष्णुसहस्रनाम ऐकायची. तिच्या घरी वयस्कर आई आहे. तिच्या आईला मी माझी साक्ष वाचून दाखवू शकलो असतो का?

लूकच्या तेराव्या अध्यायात लोक येशूकडे असाच हिशेब घेऊन येतात. पिलातानं काही गालीली माणसांना मारलेलं असतं. येशू त्याला जोडून दुसरी घटना स्वतःच सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले होते. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं तो विचारतो आणि स्वतःच 'नाही' म्हणतो. बुरूज त्यांच्यावरच का पडला, याचं स्पष्टीकरण तो देत नाही. बोलणं तो ऐकणाऱ्यांकडे वळवतो. त्या अठरांचं सोडा, तुम्ही पश्चात्ताप करा.

इंजिनिअर म्हणून मला हे जड जातं. आमचं सगळं शिक्षण 'रूट कॉज' शोधण्याचं. सिस्टिम पडली की लॉग उघडायचे आणि कारण सापडेपर्यंत उठायचं नाही. देवाचे लॉग वाचायची परवानगी मला नाही, हे मान्य करायला बराच वेळ लागला. कपातीच्या यादीत माझं नाव का नव्हतं, ते मला ठाऊक नाही. दादाचं का होतं, तेही ठाऊक नाही. जे ठाऊक नाही त्याची मी साक्ष देऊ नये, एवढं मात्र त्या रात्री कळलं.

मान्ना, किडे आणि माझं एक्सेल शीट

मग देवाची तरतूद म्हणजे नक्की काय? ती आहे यावर माझा विश्वास आहे. पण ती दिसते कुठे?

निर्गम १६ मध्ये इस्राएल लोक रानात भुकेले आहेत, कुरकुर करत आहेत. सकाळी दव सुकल्यावर जमिनीवर काहीतरी बारीक, खवल्यांसारखं पसरलेलं दिसतं. हे काय आहे, असं ते एकमेकांना विचारतात आणि त्या प्रश्नावरूनच त्याला 'मान्ना' हे नाव पडतं. माणशी एक ओमर गोळा करायचं. सकाळपर्यंत उरवायचं नाही. काहींनी उरवलं, त्यात किडे पडले, घाण वास सुटला.

हे वाचलं की मला माझं एक्सेल शीट आठवतं. त्यात एक कॉलम आहे, नाव 'महिने'. नोकरी गेली तर बचतीवर किती महिने निघतील, याचा आकडा. कपातीच्या वेळी तो चौदा होता. मी दर पगाराला ते शीट उघडायचो आणि आकडा वाढला की शांत वाटायचं. सकाळी वचन वाचून कधी एवढं शांत वाटलं नव्हतं.

आता लगेच कुणी म्हणेल, मग बचत करणं म्हणजे अविश्वास का? तसं नाही. त्याच अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलंय, आणि ते शब्बाथाच्या दिवशी नासत नाही. मिसर देशात योसेफ तर सलग सात वर्षं धान्य साठवतो आणि ते देवाच्याच योजनेनं. दुसरीकडे लूकच्या बाराव्या अध्यायातला श्रीमंत माणूसही कोठारं मोठी करायचं ठरवतो, त्याला देव मूर्ख म्हणतो. 'चिंता करू नका' ही शिकवण लूकमध्ये नेमकी त्याच गोष्टीला लागून येते. कोठारं दोघांकडे होती. योसेफाच्या कोठारासमोर दुष्काळात लोकांची रांग लागली. त्या श्रीमंताच्या बोलण्यात मात्र स्वतःशिवाय दुसरं माणूसच नाही. तो बोलतोसुद्धा स्वतःशीच.

माझ्या चौदा महिन्यांत किती माणसं होती? बायको, मुलगी आणि मी.

पौल हा अध्याय कुठे वापरतो?

मला खरा धक्का दिला तो २ करिंथ ८ नं. मान्ना गोळा करताना कुणी जास्त वेचलं, कुणी कमी. पण मोजलं तेव्हा जास्तवाल्याकडे शिल्लक नव्हती आणि कमीवाल्याला तूट नव्हती. लहानपणी संडेस्कूलमध्ये मी याला चमत्कार म्हणूनच शिकलो. पौल हेच वचन उचलतो तेव्हा विषय पैशांचा असतो. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो वर्गणी गोळा करतोय. करिंथकरांना तो म्हणतो की आज तुमच्याकडे जास्त आहे, त्यांच्याकडे तूट आहे. उद्या उलटही होईल. आणि याचा आधार म्हणून तो मान्ना दाखवतो.

म्हणजे रानात देवानं ओमर स्वतः सारखं केलं. मंडळीत तेच काम त्यानं आपल्या हातांवर सोपवलंय.

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं एकोणिसावं वचन आपल्यापैकी किती जणांच्या स्टेटसवर असतं! देव तुमची सर्व गरज भागवेल, हे आश्वासन. पण त्याच्या आधीची चार-पाच वचनं वाचा. फिलिप्पैच्या लोकांनी एपफ्रदीताच्या हाती कैदेतल्या पौलाला मदत पाठवली होती. हे आश्वासन त्या मदतीच्या पोचपावतीत लिहिलेलं आहे. देवानं पौलाची गरज भागवली होती, आणि ती घेऊन एक माणूस प्रवास करून आला होता.

शिवाय प्रभूनं शिकवलेली प्रार्थना. लहानपणापासून किती हजार वेळा म्हटली असेल. तिच्यात 'माझी' हा शब्द कुठेच नाही. भाकरसुद्धा 'आमची' मागायची आहे. माझ्या डब्यात आली आणि दादाच्या डब्यात नाही, तर माझी प्रार्थना अजून अर्धीच ऐकली गेली आहे. उरलेलं अर्धं उत्तर कदाचित माझ्याच बँक खात्यात पडून आहे.

पुढे काय झालं

मी दादाच्या घरी गेलो. आधी माफी मागितली. तो हसला, म्हणाला, "सोड रे." मग मी हप्त्यांचा विषय काढला, तर त्याचा चेहरा बदलला. "मला भीक नको," म्हणाला. बराच वेळ कुणीच बोललं नाही. वहिनींनी चहा आणला आणि त्याच म्हणाल्या, "आपण देत होतो तेव्हा त्याला भीक म्हणत होतो का?"

युवक संघातल्या पाच घरांनी मिळून काही महिने त्याच्या फ्लॅटचा हप्ता भरला. कुणी किराणा पाहिला. एका आंटींनी बाळंतपणात दीड महिना डबा दिला. माझ्या शीटमधला चौदाचा आकडा बाराच्या खाली आला. पहिल्या महिन्यात पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू!

आभाळातून काही पडलं नाही. पाच महिन्यांनी त्याला नोकरी मिळाली, आधीपेक्षा कमी पगाराची. ऑक्टोबरात हंगामाच्या सणाला भोपळे, तांदूळ, एक कोंबडी असं सगळं वेदीपुढे मांडलं होतं आणि नंतर नेहमीप्रमाणे लिलाव होणार होता. तेव्हा दादा साक्षीला उभा राहिला. नोकरीबद्दल तो एका वाक्यात बोलला. मग म्हणाला, "या पाच महिन्यांत माझ्या घरची चूल एक दिवसही विझली नाही. देवानं कुणाच्या हातून ती पेटती ठेवली, ते मला माहीत आहे. नावं घेणार नाही."

ही साक्ष ऐकताना तिसऱ्या बाकावर कुणीही बसलेलं असो, त्याला ती टोचली नसती.

पंडिता रमाबाईंची आठवण

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. रमाबाई तरुण असताना दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. त्यांची भाकर आली नाही. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात याच बाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या आणि शेकडो जणींना केडगावात आसरा मिळाला. त्या प्रार्थना करत आणि विहिरीही खणवत. त्यांच्या उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर वर्षभराच्या आत, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. शेवटच्या वर्षांत त्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम करत होत्या.

त्यांच्या घरच्यांना भाकर का मिळाली नाही, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. आधीचं दुःख पुढच्या सेवेसाठीच होतं, असं सोपं गणितही मी मांडणार नाही. मला इतकंच दिसतं की जिला भाकर मिळाली नव्हती, तिच्या हातून देवानं शेकडोंना भाकर दिली.

माझी चिंता गेली का? नाही. मंगळवारी सकाळी कॅलेंडरचा आवाज आला की अजूनही छातीत धस्स होतं. उद्या माझ्या कॅलेंडरवर ती पंधरा मिनिटं येऊ शकतात. तेव्हा देव मला कसा सांभाळेल? बहुतेक कुणीतरी दार वाजवेल आणि मला 'भीक नको' म्हणायचा मोह होईल. तो आवरायलाही विश्वासच लागेल.

आज करून पाहा : नोकरी, परीक्षा किंवा आजारातून सुटल्याबद्दल साक्ष द्यायची असेल, तर आधी आपल्या मंडळीतल्या 'तिसऱ्या बाकावर' कोण बसलंय ते आठवा. आभार जरूर माना. मग त्या व्यक्तीला फोन करा.

प्रार्थना : देवबापा, आजच्या दिवसापुरतं तू दिलंस, तुझे आभार. जे मला कळत नाही त्याची कारणं तुझ्या नावानं सांगण्यापासून माझी जीभ आवर. माझ्या हातात दुसऱ्याची भाकर अडकली असेल, तर माझी मूठ उघड. माझे हात रिकामे होतील तेव्हा घ्यायलाही शिकव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.