शिट्टी : एका श्वासाचा हिशेब



सूरह अल-अन्फालच्या 35व्या आयतीत शिट्टीचा उल्लेख आला आहे. काबागृहापाशी मक्केच्या अनेकेश्वरवाद्यांची उपासना म्हणजे केवळ शिट्ट्या आणि टाळ्या होत्या, असे अल्लाहने तेथे स्पष्ट केले आहे. शिट्टीसाठी तेथे 'मुकाअ' हा शब्द आहे. हिजाजमधील शीळ घालणाऱ्या एका पक्ष्याच्या नावाशी भाष्यकारांनी त्याचे नाते सांगितले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नमाजमध्ये व्यत्यय यावा म्हणूनही हा गोंगाट होत असे, असेही ते नोंदवतात. येथे निंदा आहे ती अर्थशून्य आवाजाला उपासनेचे स्थान देण्याची आणि इतरांची उपासना बिघडवण्याची. मदिनेत नमाजसाठी लोकांना कसे बोलवावे, याचा विचार झाला तेव्हा शिंग आणि घंटा यांचे पर्याय पुढे आले होते. अखेर निवड झाली ती मानवी कंठाची आणि अर्थपूर्ण शब्दांची. हजरत बिलाल (रजि.) यांच्या मुखातून अजान घुमली.

आता आपली मराठी पाहा. गुराखी शीळ घालतो, वाहतूक पोलीस शिट्टी वाजवतो आणि नाक्यावरचा टवाळखोर शिट्टी मारतो. श्वास तोच, ओठही तेच. क्रियापद बदलते, कारण नियत बदलते. कर्मांचा आधार नियतीवर आहे, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. म्हणूनच अनेक उलेमांनी विनाकारण शीळ घालणे मकरूह मानले आहे. रक्षणासाठी किंवा इशाऱ्यासाठी वाजवलेल्या शिट्टीची गोष्ट निराळी.

माझ्या तरुण बांधवांनो, महाविद्यालयातून परतणाऱ्या मुलीच्या मागे घातलेली शीळ ही गंमत नव्हे. सूरह अन्-नूरमध्ये नजर खाली ठेवण्याची आज्ञा आधी पुरुषांना (आयत 30) आणि नंतर स्त्रियांना (आयत 31) दिली आहे. जिथे नजरेवर बंधन आहे, तिथे शिट्टीला मुभा कुठली? भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 नुसार स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने काढलेला आवाजही गुन्हा ठरतो आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. देशाचा कायदा आवाजाचा हिशेब मागतो, तर अल्लाह तो मागणार नाही काय?

याच शिट्टीची दुसरी बाजूही आहे आणि ठाणे-कल्याणकरांना ती जन्मापासून ठाऊक आहे. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी सुमारे 34 किलोमीटरचे अंतर कापून ठाण्यास पोहोचली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. आज वाफेच्या शिट्टीची जागा हॉर्नने घेतली असली, तरी तिचे काम तेच आहे : सावध करणे. फाटकाच्या अलीकडे रुळांलगत 'सी/फा' अशी पिवळी पाटी दिसते. सीटी आणि फाटक यांची ती आद्याक्षरे. ज्यांना चालक ओळखतही नाही, त्यांच्या प्राणांसाठी त्याने श्रम घ्यावेत, असे ती पाटी सांगते. वाटेतील त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग वाटेवरच्या संकटाची सूचना देणे हे पुण्यकर्म का नसावे?

गेल्या पावसाळ्यात मी एका तरुणाच्या जनाज्याची नमाज पढवली. वय एकोणीस. पादचारी पूल दीडशे पावलांवर होता. पण दहा मिनिटे वाचवावीत म्हणून तो रुळांवर उतरला. कानात इअरफोन होते. गाडीने हॉर्न दिला होता, तो सर्वांनी ऐकला; फक्त त्याने ऐकला नाही. त्याचे वडील कब्रस्तानात मला एवढेच म्हणाले, "मौलाना, मी रोज सांगत होतो." त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असा आदेश सूरह अल-बकराच्या 195व्या आयतीत आहे. त्या आयतीचा संदर्भ दानाचा असला, तरी तिचा बोध व्यापक आहे. प्राण ही अमानत आहे. ती दहा मिनिटांसाठी पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपल्या मुलाला हे आजच सांगा. सांगून झाले असेल, तर पुन्हा सांगा आणि स्वतःही पुलावरूनच जा.

कान असून न ऐकणाऱ्यांची कुरआनने गुरांशी तुलना केली आहे. प्रेषितही (स.) इशारा देणारे म्हणूनच आले. अजान, वडिलांचा शब्द, गाडीचा हॉर्न – वेळेवर ऐकला तर प्रत्येक इशारा ही अल्लाहची कृपा आहे. एक फुंक मात्र अशी असेल की, तिच्यानंतर सावध होण्यास अवधी उरणार नाही. सूर फुंकणारा फरिश्ता तो ओठांशी धरून आज्ञेची प्रतीक्षा करीत आहे, असे हदीसमध्ये आले आहे.

हे अल्लाह, आमच्या श्वासांनी कोणाला इजा होऊ देऊ नकोस आणि इशारा ऐकणारे कान आम्हाला वेळेवर दे. आमीन.