परक्या धनाची जोखीम

स्वतःचें धन धोक्यांत घालण्याचा अधिकार मनुष्यास आहे, याविषयीं फारसा वाद नाहीं. परंतु जो दुसऱ्याचें धन सांभाळतो, त्यानें अधिक लाभाच्या आशेनें किती धोका पत्करावा? म्युच्युअल फंडांचे व्यवस्थापक याचें उत्तर गणितानें देतात. ज्यांचे भाव एकाच वेळीं पडत नाहींत असे रोखे एकत्र ठेवल्यास लाभ फारसा न घटतां धोका कमी करतां येतो, हें हॅरी मार्कोविट्झ यांनीं १९५२ सालीं दाखवून दिलें. त्या गणिताविषयीं आमची तक्रार नाहीं. धोका कोणाच्या माथीं येतो, हें मात्र त्यांतून कळत नाहीं.

'युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया'नें १९६४ सालीं काढलेली 'यूएस-६४' ही योजना मध्यमवर्गीय घरांत बँकेच्या ठेवीइतकीच निर्धोक मानली जाई. युनिटच्या विक्रीची व पुनर्खरेदीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवी. मालमत्तेच्या बाजारभावाशीं ती बांधलेली नव्हती. पुढें योजनेचा निम्म्याहून अधिक पैसा शेअरांत गेला, तरी या ठरीव किमतीमुळें बाजाराचे चढउतार लोकांच्या दृष्टीस पडलेच नाहींत.

येथेंच नीतीचा प्रश्न उभा राहतो. समजा, युनिटमागें मालमत्ता आठ रुपयांची उरली आहे आणि ट्रस्ट चौदा रुपये देत आहे. तर आधीं बाहेर पडणारा वरचे सहा रुपये मागें राहणाऱ्यांच्या वांट्यांतून नेतो. २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोठ्या कंपन्यांनीं हजारों कोटी रुपये काढून घेतले. जुलैच्या आरंभीं विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांपुरती बंद झाली. ताळेबंद वाचण्याची ज्यांस संवय नव्हती, असे पेन्शनर आंत अडकले. पुढें सरकारनें ५,००० युनिटांपर्यंत १२ रुपये व त्यावरील युनिटांस १० रुपये भाव देऊं केला. तूट सरकारी तिजोरीवर, म्हणजे ज्यांनीं युनिट कधीं पाहिलेंही नव्हतें अशांवरही पडली. पेन्शनरांस पैसा मिळाला याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. पण यास न्याय म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

शेअरांत पैसा घातला हा आमच्या मतें अपराध नव्हे. तें साहस मालकांपासून झांकलें, हा अपराध होय. आज युनिटचें मूल्य रोज जाहीर होतें. तो आंकडा खालीं जातांच कित्येक गृहस्थ घाबरून फंडास दोष देतात. आम्हांस तर तो आंकडा विश्वस्ताच्या प्रामाणिकपणाची खूण वाटतो. 'सेबी'च्या नियमानें २०१५ पासून योजनेवर जोखीममापकही छापतात, व २०२१ पासून त्याच्या सहा पायऱ्या आहेत. तथापि तें माप योजनेचें आहे. पुढच्या वर्षीं मुलीची फी भरावयाची असलेल्या घरास आणि वीस वर्षें थांबूं शकणाऱ्या घरास तें एकच अक्षरें दाखवितें. घराची ती स्थिति विचारून घेणें विक्रेत्याचें काम. त्याची दलाली मात्र त्या विचारण्यावर ठरत नाहीं.