पंख फुटण्याआधी

पूर्णेच्या काठी, अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात एक कास्तकार राहत होता. पोळा होऊन गेला, पऱ्हाटी पात्यांवर आली आणि नेमका तेव्हाच मावा पडला. पानं चिकट झाली, मुरडली, देठादेठावर मुंग्या चढू लागल्या. कास्तकारानं कृषी केंद्रातून औषध आणलं आणि पंप भरला.

त्या हंगामात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची एक विद्यार्थिनी शेतीचा अनुभव घ्यायला गावात मुक्कामी होती. तीही वावरात आली होती. कास्तकारानं एक पान उलटून तिच्यापुढं धरलं. पानाच्या पाठीवर केसासारख्या बारीक दांड्या उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकावर एकेक इवलं अंडं होतं. बाजूला मातकट रंगाची, खरबरीत अंगाची एक अळी फिरत होती.

"हे कोनती नवी कीड आली, पोरी?"

"काका, ही कीड नाही. थोडे दिवस फवारणी थांबवाल का?"

"अन् नुकसान झालं तं? कोन भरून देईन मले?"

पोरीजवळ त्याचं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "मग धुऱ्याकडची चार तासं तरी सोडा."

कास्तकारानं चार तासं सोडली आणि बाकीचं वावर फवारलं.

दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी त्या चार तासांत उकिडवा बसून पाहू लागला. अळीनं आपल्या वाकड्या जबड्यांत मावा धरला, उचलला, आतून शोषला आणि रिकामं टरफल टाकून पुढचा धरला. दिवसभर तिचं हेच चालायचं. दांड्यांवरची अंडी फुटली, नव्या अळ्या उतरल्या आणि त्याही कामाला लागल्या. आठवडाभरात त्या तासांतली नवी पानं स्वच्छ दिसू लागली. फवारलेल्या भागात मावा आधी मेला होता, पण त्याला खाणारेही मेले होते. थोड्याच दिवसांत तिथं मावा पुन्हा चढला.

पुढं एका अळीनं पानाखाली पांढरा, गोल कोश विणला. पोरीनं ते पान बाटलीत ठेवलं आणि तोंडाला फडकं बांधलं. एका संध्याकाळी बाटलीत पोपटी रंगाचा एक नाजूक कीटक बसलेला दिसला. डोळे सोनेरी होते. पंख आरपार दिसणारे, शिरांच्या बारीक जाळीनं भरलेले आणि अंगावर दोन्हीकडून उतरते मिटलेले होते.

"अवो, हे तं रोज रातच्याला माह्या बल्बापाशी येते! मी दुपट्ट्यानं हाकलतो याले. काय म्हनतेत?"

"क्रायसोपर्ला," पोरगी म्हणाली. "शास्त्रात याच्या गणाचं नाव न्यूरॉप्टेरा. लिनियस नावाच्या शास्त्रज्ञानं ते १७५८ साली वापरलं. ग्रीक भाषेत न्यूरॉन म्हणजे शीर आणि टेरॉन म्हणजे पंख. ज्याच्या पंखांत शिरांची जाळी असते, तो."

"अन् हा बी मावा खाते?"

"नाही काका. पंख फुटल्यावर हा फुलांतला मध आणि पराग खातो. मावा त्या अळीनंच खाल्ला."

कास्तकारानं बाटलीचं फडकं सोडलं. मग म्हणाला, "म्हंजे नाव पंखाचं झालं, अन् काम बिनपंख्यानं केलं."

पुढच्या साली मावा दिसला तेव्हा त्यानं पंपाला हात लावण्याआधी पानं उलटून पाहिली.

माणसांतही असंच होतं. नाव होतं ते पंख फुटल्यावर. त्याआधीचे राबण्याचे दिवस कुणाच्या नजरेत भरत नाहीत आणि भरलेच तर खुपतात. म्हणून वावरात काय किंवा घरात काय, जो अजून देखणा झाला नाही त्याला निरुपयोगी ठरवण्याआधी तो दिवसभर काय करतो, ते जवळ बसून पाहावं.