भरवसा कोणाच्या जिवावर?

एका आषाढीच्या वाटेवरची गोष्ट. पुण्याचा मुक्काम हलला तेव्हा आमच्या दिंडीच्या जुन्या व्हॅनमध्ये पेट्रोलचा वास येत होता. चालक म्हणाला, "बुवा, जुनी गाडी, थोडा वास यायचाच." आम्हीही "माउली आहे" म्हणालो आणि गुडघे धरलेल्या तीन आजींना मागे बसवून दिले. दिवेघाटाच्या चढावर पुढच्या आसनाखालून धूर निघाला. चालकाने आजींना उतरवले. पण काय झालंय बघू, म्हणून आसन उचलले मात्र, तोच ज्वाळा त्याच्या छातीपर्यंत आली. हात भाजला. मागच्या गाडीतल्या अग्निशामक नळकांड्याने आग विझली.

आता विचार असा की, आमचे ते "माउली आहे" म्हणणे भरवसा होता काय? मेकॅनिककडे दोन तास मोडतील, दिंडी पुढे निघून जाईल, एवढीच काळजी त्यामागे होती. आपल्या जिवावर भरवसा ठेवणे हा ज्याचा त्याचा अधिकार. आजींना तर इंजिन कुठे असते हेही ठाऊक नव्हते. कोणी म्हणेल, एवढी भीती धरली तर वारी कशी व्हायची? गवतातला साप दिसत नाही, त्याला इलाज नाही. वास मात्र आम्हांस आला होता.

आसनाखाली इंजिन असलेल्या व्हॅनी आपल्याकडे पुष्कळ. १९८४ साली आलेली मारुती व्हॅन, म्हणजे पुढची ओम्नी, अशाच बांधणीची; ती २०१९ पर्यंत निघत होती. दोष बांधणीचा नव्हे, जुनेपणातल्या हयगयीचा. पेट्रोलची रबरी नळी उष्णतेने कडक होऊन तडकते, क्लिप सैल होते. थेंब तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडतो, नाहीतर सोललेल्या वायरीची ठिणगी त्याला गाठते. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, तेही काही जुन्या रबराला मानवत नाही. हातभर नळी बदलायची होती, बस्स.

धूर दिसला की किल्ली बंद, माणसे खाली आणि दूर. आसन वा झाकण उघडू नये. वारा मिळाला की आग भडकते. पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. कोरड्या भुकटीचे नळकांडे चालकाच्या हाताशी हवे, सामानाच्या बोचक्यांखाली नव्हे. आमच्या व्हॅनमध्ये तर गॅसची टाकीही होती! आठवले की अजून अंगावर काटा येतो.

सासवडच्या मुक्कामी आम्ही आजींना खरे ते सांगितले. दोघी हसल्या. तिसरी काही बोलली नाही. पुढची वाट ती पायीच चालली.