मरणाचे भय आणि विश्वासणाऱ्याचे पाऊल

खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरत असता एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. तो सर्वांदेखत क्वचितच विचारला जातो. उपासना आटोपल्यावर विचारणारा आम्हांस निंबाखाली बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "पाळकसाहेब, मी प्रभूवर विश्वास ठेवतो. मग मरणाचे नाव काढताच माझे काळीज का थरथरते? माझा विश्वास खोटा तर नाही ना?" हा प्रश्न लहान नाही, आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, मरणासमोर व्याकूळ होणे हे पाप नव्हे. बेथानी गावी लाजराच्या कबरेपाशी आपला प्रभू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठविणार हे ठाऊक असूनही तो रडला. गेथशेमाने बागेत त्याचा जीव अत्यंत खिन्न झाला, व दुःखाचा प्याला टळावा अशी विनंती त्याने पित्याजवळ केली. जो स्वतः असा व्याकूळ झाला, तो आपल्या थरथरत्या लेकरास अविश्वासी म्हणून लोटून देईल काय? कदापि नाही.

मग ख्रिस्त आपणांस कशापासून सोडवितो? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात याचे उत्तर आहे. मरणाच्या भयाने माणसे जन्मभर दास होऊन राहतात, आणि त्या दास्यातून त्यांस मुक्त करण्यास प्रभूने आपल्यासारखाच रक्तमांसाचा देह धारण केला, असा त्याचा आशय आहे. दास्य हा शब्द नीट पाहा. भय मनात येणे निराळे, आणि भय धनी होऊन बसणे निराळे. धनी झालेले भय हुकूम सोडते. रविवारी उपासनेत बसलेला मनुष्य लेकरू तापाने फणफणताच रात्री देवऋषीच्या दारी ताईत आणावयास जातो, तो याच धन्याच्या हुकुमाने. शेजारी अंथरुणास खिळला असता आपण आपले दार ओढून घेतो, तेही याच्याच हुकुमाने.

दुसऱ्यांचे दोष सांगून आम्ही आपला दोष झाकू इच्छीत नाही. सन २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाची दुसरी लाट खेड्यांत शिरली, तेव्हा आमच्या मंडळीतील एक वृद्ध बंधू आपल्या घरी तापाने पडले. घरातील लहानथोर सर्वच आजारी. चूल पेटविण्यास कोणी उरले नाही. आम्हांस निरोप आला. आम्ही फोनवरून प्रार्थना केली, पण गेलो नाही. दूर राहण्याचा नियम होता हे खरे, व तो योग्यच होता. परंतु त्या नियमाच्या आड आम्ही आपले भय लपविले, हेही तितकेच खरे. त्याच गल्लीतील एक विधवा भगिनी, जिला अक्षरओळखही नाही, ती तोंडास पदर बांधून दोन्ही वेळा त्यांच्या उंबऱ्यावर भाकरी, पेज व उकळलेले पाणी ठेवून येई. मग अंगणाच्या कडेला लांब बसून ती भजन म्हणे. आपण एकटे नाही, हे आतल्यांस कळावे एवढाच तिचा हेतू. तिने नियम मोडला नाही, व प्रीतीही सोडली नाही. पाचव्या दिवशी ते वृद्ध बंधू प्रभूकडे गेले. पुढे आम्ही तिला विचारले, "बाई, तुम्हांस भीती वाटली नाही काय?" ती म्हणाली, "वाटली की, साहेब. हातपाय कापत व्हते. पण घरात लेकरं उपाशी व्हती." सेमिनरीत आम्ही वर्षानुवर्षे जे शिकलो, त्याचा अर्थ त्या दिवशी आम्हांस कळला.

असे धैर्य केवळ आपल्याच मंडळीत आढळते, असा अभिमान मात्र कोणी बाळगू नये. सन १८९७ त पुण्यात प्लेग माजला असता सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची सेवा केली, आजारी मुलास उचलून दवाखान्यात नेले, व त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांच्यापुढे आपण मस्तक लववावे, आणि स्वतःस विचारावे की, आपणांस तर पुनरुत्थानाची आशा मिळाली आहे, मग आपली पावले मागे का? आपल्या पूर्वजांची पावले मागे नव्हती. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरात मोठी मरी पसरली, तेव्हा तेथील बिशप सिप्रियन यांनी मंडळीस शिकविले की, आपल्या वैऱ्यांचेही या समयी भले करावे.

त्या आशेचे बळ कसे असते, हे एका दृष्टांताने सांगतो. जुन्या विहिरीचा गाळ काढावयाचा असतो, तेव्हा कंदील खाली सोडून हवा पाहिली तरी काठावरची माणसे अडून राहतात. मग एकजण पहिल्याने उतरतो. तळाशी पोहोचून तो वर हाक देतो, आणि ती हाक ऐकून बाकीचे शिडीवर पाय ठेवतात. अंधार तोच, खोलीही तीच. काळजातील धडधडही पुरती थांबत नाही. तरी पाय उतरू लागतात, कारण खालून ओळखीचा आवाज येतो. प्रभू येशू आपल्या आधी कबरेत उतरला, व तिसऱ्या दिवशी उठला. मरणाच्या तळाशी आता परका अंधार नाही; तेथे आपला मेंढपाळ जाऊन आला आहे.

उपदेशक बंधूंनो, मरणोन्मुख मनुष्यापाशी जाल तेव्हा त्याच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नका. त्याचा हात हाती घ्या, तेविसावे स्तोत्र सावकाश वाचा, आणि फार बोलू नका. रडणाऱ्या घरच्यांस दटावू नका. तसेच मंडळीस सांगा की, ज्याच्याशी बांधावरून अबोला आहे त्याच्याशी आजच समेट करावा. मरणाच्या भयात न मिटलेल्या अपराधांची बोचणी पुष्कळ असते. ज्यास प्रभूची क्षमा मिळाली, त्याने ती दुसऱ्यास देण्यास शेवटच्या दिवसाची वाट का पाहावी?

निंबाखाली प्रश्न विचारणाऱ्या बंधूस आमचे उत्तर हे: बाबा, तुझे काळीज थरथरते म्हणून तुझा विश्वास खोटा ठरत नाही. त्या थरथरत्या काळजाने तू कोणाच्या उंबऱ्यापर्यंत गेलास, एवढेच पाहा. आम्ही त्या दिवशी गेलो नाही. प्रभूने आम्हांस क्षमा केली आहे. आणि पुढची हाक येईल तेव्हा आम्ही जावे, अशी कृपा आम्ही त्याच्यापाशी मागत आहो.