कोणाकडे आलात?

चाळीत किंवा गावठाणात अनोळखी माणूस शिरला, की कुणीतरी विचारतंच, "कोणाकडे आलात?" त्यात राग नसतो. तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली म्हणालात, की जिना दाखवला जातो, वर कुलूप असेल तर तेही खालीच कळतं. या प्रश्नाला उत्तर नसलेला माणूस म्हणजे पर्यटक. तो कोणाकडेच आलेला नसतो, नुसता बघायला आलेला असतो. जिथे लोक राहतात, तिथे असं नुसतं बघायला जाणं कितपत योग्य?

मी भायखळ्यात राहते. स्टेशनच्या पूर्वेकडून चालत निघालं, की वीसेक मिनिटांत माझगावची म्हातारपाखाडी लागते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचं हे जुनं गावठाण. लाकडी व्हरांडे, बाहेरून वर जाणारे जिने, गल्लीत क्रूस. टिळकांचे सहकारी आणि होमरूल चळवळीतले पुढारी काका बॅप्टिस्टा इथलेच. या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ साली घेतलं, पण त्यांची घरची भाषा म्हणजे मराठीचीच एक बोली. म्हणजे मला तिथे जायला व्हिसा नको, दुभाषा नको. तरी आपल्यापैकी बहुतेक जण तिथे जातात ते रविवारी सकाळी, मोबाईल समोर धरून.

आता दुसरं टोक बघा. नॉर्वेतलं गाइरांगर हे फ्योर्डच्या टोकाला वसलेलं, जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं गाव. २००५ साली हा फ्योर्ड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. उन्हाळ्यात एकेका क्रूझमधून गावाच्या कित्येक पट माणसं उतरतात. हल्ली त्यात टूरबरोबर गेलेली मराठी कुटुंबंही असतात. त्या देशात एक जुना रिवाज आहे, १९५७ साली त्याचा कायदाही झाला. जमीन खासगी असली तरी मोकळ्या रानात, डोंगरात कुणीही चालावं, तंबू ठोकावा. मात्र राहत्या घरापासून किमान १५० मीटर लांब. मला हा आकडा फार आवडतो. तुमचं फिरणं आणि त्यांचं घरपण, दोन्हींची सोय एका आकड्यात लावलेली आहे.

हाच आकडा भायखळ्यात लावून बघा. आमच्या चाळीभोवती १५० मीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात शेकडो घरं येतील. म्हातारपाखाडीच्या गल्लीत तर मधोमध चाललं तरी दोन्ही बाजूंच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. लांब राहायला जागाच नाही. मग इथे माणसं इतकी वर्षं कशी राहिली? चाळीच्या गॅलरीत दिवसभर दारं उघडी असतात. नळावर जाताना दहा दारांवरून जावं लागतं. आत कुणी भांडत असतं, कुणी रडत असतं, कुणी जमिनीवर पाय पसरून नुसतं पडलेलं असतं. चालणाऱ्याची नजर सरळ राहते. हे कुणी शब्दांत शिकवत नाही. जागेने दिलं नाही ते अंतर इथे नजरेने राखलं जातं.

याचा अर्थ चाळीत कुणी कुणाकडे बघत नाही, असा अजिबात नाही. मी रात्री किती वाजता घरी आले, कोण सोडायला आलं, पार्सल किती रुपयांचं होतं, सगळ्यांना ठाऊक असतं. कधीकधी जीव गुदमरतो. पण त्या बघण्याचा हिशोब दोन्ही बाजूंनी चालतो. शेजारच्या काकूंना माझं उशिरा येणं माहीत असतं, मला त्यांच्या घरातली भांडणं. माझ्या दाराला कुलूप असलं, की गॅसचा सिलेंडर त्यांच्याकडे उतरतो.

पर्यटकाचं बघणं एकतर्फी असतं. एकदा आमच्या चाळीत कुठल्याशा वेब सिरीजसाठी लोकेशन बघायला माणसं आली. त्यांना चाळ 'एकदम ऑथेंटिक' वाटली. मग त्यांनी काकूंची बादली उचलून बाजूला ठेवली, कारण ती फ्रेममध्ये येत होती. काकू तिथेच उभ्या होत्या.

कुणी म्हणेल, गल्ली सार्वजनिक आहे, बघायला बंदी थोडीच आहे? आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही हा वाद निघतो. एखाद्या साईटवर लोकांची माहिती कुलूप न लावता ठेवलेली आहे, म्हणून स्क्रिप्ट लिहून ती सगळी उचलून आणायची का? दार उघडं असणं आणि 'या' म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कुणी बघितलंच नाही, तर ही घरं टिकणार कशी? जुन्या घराकडे बिल्डरचं लक्ष असतंच. मग निदान ज्यांना ते घर आहे तसं आवडतं, त्यांचंही असू दे. गाइरांगरलाही पर्यटक नकोसे झालेले नाहीत, गावाची कमाई त्यांच्यावरच आहे. हे मला मान्य आहे. म्हणून 'जाऊच नका' असं मी म्हणणार नाही.

पण फरक कळायला हवा. राणीच्या बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासूनचं. तिथे जुन्या मुंबईतल्या माणसांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. त्यांच्याकडे तासभर टक लावून बघा, त्यांचं काही जात नाही. पाखाडीतली व्हरांड्यात बसलेली बाई मात्र मान वर करून तुमच्याकडे बघते. त्या क्षणी बहुतेकांचा मोबाईल खाली येतो, चेहऱ्यावर ओशाळं हसू येतं आणि पाय भराभर पुढे जातात. हे ओशाळणं मला महत्त्वाचं वाटतं. आपण फुकट काहीतरी घेतोय, हे मनाला तेव्हा कळलेलं असतं.

तिथून पळण्याऐवजी थांबता येतं. मोबाईल वर करण्याआधी बोलता येतं. त्या विचारतील: कुठली तू, काय करतेस, घरी कोण असतं? उत्तरं द्यावीत. आपण त्यांच्याकडे बघितलं, तसं त्यांनाही आपल्याकडे नीट बघू द्यावं. फोटोला नाही म्हणाल्या तर फोटो न काढता परतावं. तीन तासांसाठी क्रूझवरून उतरणाऱ्याला हे जमणं कठीण आहे. आम्हा भायखळेकरांना ती सबब नाही. आम्हाला पुढच्या रविवारी परत जाता येतं, आणि तेव्हा कुणी विचारलं तर सांगायला एक नावही असू शकतं.